सरपंचांच्या कार्यालयाचा खर्च तपासताना आधी कोणता कागद मागायचा

ग्रामपंचायतीत जाऊन ‘हिशोब दाखवा’ म्हटलं की हाती काही लागत नाही. तिथे हिशोबाचे तेहतीस नमुने आहेत, प्रत्येकाला क्रमांक आहे आणि प्रत्येकात वेगळी गोष्ट लिहिलेली असते. क्रमांक न सांगता मागणाऱ्याला टेबलावर असेल ते दप्तर दाखवून वाटेला लावणं सोपं असतं. ‘नमुना पाच आणि ऑगस्टची प्रमाणकं (व्हाउचर) बघायची आहेत’ असं म्हटलं की समोरच्यालाही कळतं की या माणसाला काय हवंय ते माहीत आहे.

हा लेख रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या ग्रामपंचायतींपुरता आहे. तुमचं गाव नगरपंचायतीत गेलं असेल, जसं गुहागर, दापोली, लांजा, कुडाळ, देवगड-जामसंडे, तर तिथे कायदा वेगळा आणि दप्तरही वेगळं. ग्रामपंचायतीला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ लागू होतो. मुदत संपून प्रशासक बसलेला असेल तरी दप्तर तेच राहतं, प्रश्न फक्त सरपंचांऐवजी प्रशासकाला विचारायचा.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. ग्रामपंचायतीच्या कुठल्याही खर्चामागे तीन कागद लागतात: तो करायचं ठरलं त्याचा ठराव, पैसे दिले त्याचं प्रमाणक, आणि वस्तू आली किंवा काम झालं त्याची नोंद. खरेदीची नोंद साठ्याच्या वहीत, कामाची मोजमाप वहीत. हे तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले की चोरी, चूक आणि निव्वळ ढिलाई यांतला फरक दिसायला लागतो. आवाज चढवायची वेळ त्यानंतरची, आणि बऱ्याचदा ती येतही नाही.

कार्यालयाचा खर्च कुठे लिहिलेला असतो

सुरुवात नमुना १ पासून करा. हे वार्षिक अंदाजपत्रक. डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला खर्च, आणि शेजारी मागच्या वर्षाचे प्रत्यक्ष आकडे. पुढच्या वर्षाच्या आकड्यावर नजर जाते, पण खरी गोष्ट मागच्या वर्षाच्या रकान्यात असते. कार्यालयीन खर्चाला, ज्याला सगळे सादिल म्हणतात, मागच्या वर्षी किती तरतूद होती आणि किती खर्च झाला ते बघा. तरतुदीपेक्षा जास्त खर्च झाला असेल तर ती रक्कम दुसऱ्या शीर्षातून, म्हणजे खर्चाच्या दुसऱ्या सदरातून, वळवलेली असणार. वळवल्याची नोंद नमुना २ मध्ये हवी, त्याला पुनर्विनियोजन म्हणतात. नमुना २ कोरा आणि खर्च मात्र तरतुदीच्या वर, असं दिसलं तर तुमचा पहिला लेखी प्रश्न तयार झाला.

सरपंचांशी थेट जोडलेले खर्च मोजकेच असतात: मानधन, प्रवासभत्ता, आतिथ्य आणि सादिल.

मानधन सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने दुप्पट केलं. २,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावात सरपंचांना दरमहा ६,००० आणि उपसरपंचांना २,००० रुपये. ८,००० पर्यंत ८,००० आणि ३,०००. त्यावर १०,००० आणि ४,०००. यातला शासनाचा हिस्सा थेट त्यांच्या खात्यात जमा होतो आणि उरलेला हिस्सा ग्रामनिधीतून जातो. म्हणून पंचायतीच्या रोकडवहीत मानधनाची पूर्ण रक्कम खर्ची पडलेली दिसली तर थांबा. शासनाचा हिस्सा दुसऱ्या वाटेने आला नव्हता ना, एवढंच विचारायचं. कधी कधी शासनाचा हिस्सा उशिरा आलेला असतो आणि पंचायतीने तो आगाऊ दिलेला असतो. तसं असेल तर नंतरच्या महिन्यात ती रक्कम परत जमा झालेली दिसली पाहिजे.

प्रवासभत्त्याचं देयक नमुना ३१ वर असतं: तारीख, कुठून कुठे, कशासाठी. देवगडहून ओरोसला जिल्हा परिषदेत बैठकीला जाणं हा रास्त खर्च आहे. तपासायचं ते एवढंच की त्याच तारखेला, त्याच वेळी पंचायतीच्या मासिक सभेच्या हजेरीत सही आहे का. आतिथ्य खर्चाला कायद्याने पंचायतीच्या उत्पन्नाशी बांधलेली मर्यादा आहे. चहापाण्याची बिलं किरकोळ म्हणून सोडून दिली जातात, तरी वर्षाची बेरीज करून त्या मर्यादेशी लावून बघा.

सादिल हा या सगळ्यातला खरा ढीग. कागद, टोनर, छपाई, वीजबिल, इंटरनेट, झेरॉक्स, झेंडावंदनाचा खाऊ, सतरंजी, बॅनर. रकमा लहान असतात, म्हणून कोणी बघत नाही, आणि लेखापरीक्षणातले आक्षेप इथेच निघतात.

एक बिल शेवटपर्यंत

वर्षभराचं दप्तर चाळू नका. एक बिल निवडा आणि ते शेवटपर्यंत न्या. समजा, नमुना ५ म्हणजे सामान्य रोकडवहीत जूनमध्ये ‘प्रिंटर टोनर व दुरुस्ती, ४,८००’ अशी ओळ आहे. ओळीपुढे प्रमाणक क्रमांक असतो. तो टिपून घ्या.

आता नमुना १२ च्या फाइलमधून ते प्रमाणक काढा. त्यामागे दुकानदाराचं मूळ बिल जोडलेलं हवं. बिलावर तारीख, बिल क्रमांक, पंचायतीचं नाव, आणि ‘रक्कम अदा करावी’ असा सरपंच व ग्रामसेवकांच्या सहीचा आदेश हवा. (ग्रामसेवकांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात अजून जुनंच नाव चालतं.) बिल कोऱ्या कागदावर हाताने लिहिलेलं असेल, किंवा एकाच दुकानाची तीन महिन्यांची बिलं एकापाठोपाठच्या क्रमांकांची असतील, तर ते लिहून घ्या. तीन महिन्यांत त्या दुकानाचं दुसरं गिऱ्हाईकच नव्हतं, असं क्वचित होतं.

मग नमुना १५, म्हणजे वापरून संपणाऱ्या वस्तूंचा साठा. टोनर आला त्याची नोंद, आणि कधी वापरायला काढला त्याची नोंद. खुर्ची, कपाट, प्रिंटर अशा टिकाऊ वस्तू नमुना १६ मध्ये जातात. नमुना १६ मध्ये सहा खुर्च्या लिहिल्या असतील तर कार्यालयात सहा मोजून याव्यात. जुनी वस्तू मोडीत काढली असेल तर त्याचाही ठराव लागतो. पावसाने भिजून कपाट गंजलं, हे आपल्याकडे खरंच घडतं, पण तेही वहीत लिहिलेलं हवं.

शेवटी इतिवृत्त, म्हणजे सभेत काय ठरलं त्याची वही. मासिक सभेत ‘मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी’ हा विषय असतो. त्या ठरावाखाली ही रक्कम आली का, ते बघा. अनेक ठिकाणी ठरावात फक्त ‘जमाखर्च वाचून कायम’ एवढंच लिहितात आणि रकमा लिहीत नाहीत. ही ढिलाई आहे. तुमच्या वाडीच्या सदस्याला सांगा की पुढच्या सभेपासून महिन्याची एकूण जमा आणि एकूण खर्च ठरावातच लिहायचा आग्रह धर. ते आकडे नमुना २६ च्या मासिक विवरणातून सरळ उचलता येतात, त्यामुळे जास्तीचं काम कुणालाच पडत नाही.

ही साखळी सहसा साठ्याच्या वहीत तुटते. बिल असतं, ठराव असतो, पण नमुना १५ मध्ये वर्षभर एकही ओळ नसते. दर वेळी त्यामागे खोट असते असं नाही. एकेका ग्रामसेवकाकडे दोन-दोन गावांचा कारभार असतो आणि वही मागे पडते. त्यामुळे आरोप न करता नोंद पूर्ण करून घ्या आणि तारीख टिपा. पुढच्या वेळीही वही कोरी असेल तर मात्र लेखी द्या.

गणपतीतली घरपट्टी

आपल्याकडची एक तपासणी घाटावरच्या मार्गदर्शकात सापडणार नाही. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला गावी येतात तेव्हा घरपट्टी-पाणीपट्टी भरून जातात. त्या आठ-दहा दिवसांत पंचायतीत रोख रक्कम एरवीच्या कितीतरी पट येते. पावती नमुना १० वर फाडली जाते.

करायचं असं: त्या आठवड्याच्या पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींवरून, म्हणजे पुस्तकात राहणाऱ्या प्रतींवरून, पावत्यांची बेरीज करा. मग रोकडवहीत त्या तारखांना जमा बाजूला तीच रक्कम आहे का ते बघा. मग बँक पासबुकात ती कधी भरली ते बघा. वसूल झालेली रक्कम आधी बँकेत जायला हवी आणि खर्च नंतर खात्यातून व्हायला हवा. विसर्जनाआधी गोळा झालेली रक्कम ऑक्टोबरअखेर भरली गेली असेल, तर मधले दिवस ती कोणाच्या ताब्यात होती हा प्रश्न रास्त आहे. वसुलीतून परस्पर मांडवाचं किंवा जेवणाचं बिल भागवलं असेल तर पुढे ते प्रमाणक कितीही चोख जोडलेलं असो, पद्धत चुकीचीच.

पावतीपुस्तकांचा साठाही मोजावा. पुस्तकांना क्रमांक असतात. किती आली, किती वापरली, किती कोरी आहेत, हे जुळलं पाहिजे. न सापडणारं एक पुस्तक म्हणजे शंभर पावत्यांचा प्रश्न, म्हणून सगळ्यात आधी ते शोधायचं. स्वतःच्या घराची पावती नमुना ९ मधल्या तुमच्या ओळीशी लावून बघा. तिथे मागणी, वसुली, सूट आणि दंड यांचे रकाने असतात. तुम्ही भरलेली रक्कम तिथे थकबाकी म्हणून दिसत असेल, तर बाकीच्या घरांचंही बघायला हवं.

पाखाडीचा हिशोब

कार्यालयाचा खर्च समजला की कामांकडे वळता येतं, पद्धत तीच. कामाचं अंदाजपत्रक नमुना २० वर असतं, मोजमाप वही नमुना २०क आणि देयक नमुना २०ख. मोजमाप अभियंता घेतो आणि तारखेसह सही करतो.

समजा, वाडीतल्या पाखाडीचं (पायवाटेचं) काँक्रीट ६० मीटर लांब, १.५ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर जाड असं वहीत आहे. गुणाकार ९ घनमीटर. टेप घेऊन जा. लांबी-रुंदी बहुतेक बरोबर निघते, कारण ती सगळ्यांना दिसते. कमी पडते ती जाडी. पाखाडीच्या कडेला, जिथे काँक्रीट संपून जांभा सुरू होतो तिथे, पट्टी लावून पाच-सहा ठिकाणी मोजा. सरासरी ७ सेंटिमीटर आली तर झालेलं काम ६.३ घनमीटर, म्हणजे २.७ घनमीटरचे पैसे जास्त गेले. १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) च्या मिश्रणाला घनमीटरमागे साधारण सव्वासहा-साडेसहा पोती सिमेंट लागतं. म्हणजे ९ घनमीटरला ५७ पोती. बिलात चाळीस पोती असतील तर एक तर काँक्रीट कमी आहे किंवा सिमेंट कमी आहे.

तारीखही बोलते. जून ते सप्टेंबरात आपल्याकडे पाऊस काँक्रीट टिकू देत नाही. मोजमाप वहीत जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली पाखाडी दिसली तर काम नक्की कधी झालं, हे वाडीतल्या माणसांना विचारा. उलट, मार्चच्या शेवटच्या चार दिवसांत एकदम पाच देयकं निघाली असतील तर निधी परत जाऊ नये म्हणून घाई झालेली असते. घाईत जाडी कोणी मोजत नाही.

वित्त आयोगाचा पैसा वेगळा बघावा लागतो. १५व्या वित्त आयोगाच्या (२०२०-२१ ते २०२५-२६) निधीत २०२१-२२ पासून ६० टक्के बंधित आहे, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरता येतो: त्यातला निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. उरलेला ४० टक्के अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नाही. ही देयकं सरपंच आणि ग्रामसेवकांच्या डिजिटल सहीने थेट पुरवठादाराच्या खात्यात जातात आणि ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतात. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडा, वर्ष निवडा आणि मंजूर आराखड्यातली कामं प्रत्यक्ष देयकांशी लावा. इथला एक धोका नवीन सरपंचांनी ऐकून ठेवावा: डिजिटल सहीचा डोंगल आणि त्याचा पासवर्ड दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये ठेवू नका. देयकावर सही तुमची आहे आणि चौकशीत उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

स्वनिधीतून, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे पैसे वर्षभर पडून राहतात आणि मार्चमध्ये एकगठ्ठा कशावर तरी लागतात. दिव्यांगांची यादी आणि त्यांना मिळालेली रक्कम नावानिशी मागावी.

ग्रामसभेत कधी उभं राहायचं

वर्षात किमान चार ग्रामसभा होतात, बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. खर्चाच्या दृष्टीने आर्थिक वर्षातली पहिली सभा सगळ्यात महत्त्वाची. मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, आणि लेखापरीक्षणाची टिपणी व तिला दिलेली उत्तरं याच सभेपुढे ठेवायची असतात. ऑक्टोबरची सभा पुढच्या वर्षाच्या विकास आराखड्याची. आराखड्यात नसलेलं काम वर्षाच्या मध्यात घुसवायला फार कष्ट पडतात, म्हणून साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) हवा असेल तर ऑक्टोबरात बोला. अंदाजपत्रक डिसेंबर-जानेवारीत घडतं. सादिल कमी करून घ्यायचा तर त्या वेळी. खर्च होऊन गेल्यावर घातलेलं गाऱ्हाणं इतिवृत्तात राहतं, पण पैसा परत येत नाही.

गणपूर्ती (कोरम) लागते ती १५ टक्के मतदार किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती. आपल्या गावांत निम्मे मतदार मुंबई-ठाण्यात. त्यामुळे सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग पंधरा माणसांत वर्षाचा हिशोब मंजूर होतो. तहकूब सभेत विषय मात्र मूळ विषयपत्रिकेवरचेच घेता येतात. म्हणून नोटीस लागली की तिचा फोटो काढून ठेवा. तहकूब सभेत नवीन खर्चाचा विषय आला तर तो फोटो पुढे करता येतो.

प्रश्न तोंडी विचारू नका. सभेआधी लेखी द्या, पोच घ्या, आणि सभेत ‘माझा अमुक तारखेचा अर्ज इतिवृत्तात घ्या’ एवढंच म्हणा. वाडीवाडीचं राजकारण सभेत उफाळतं, तेव्हा आवाजापेक्षा पोच असलेला कागद टिकतो.

कागद मिळाला नाही तर

माहिती अधिकाराचा अर्ज ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा ग्रामसेवकांकडेच. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत. ‘गेल्या पाच वर्षांचा सर्व खर्च द्या’ असं लिहिणाऱ्याचा अर्ज तिथेच अडकतो. असा लिहा:

‘सन २०२४-२५ मधील कार्यालयीन (सादिल) खर्चाबाबत, दि. १ जून २०२४ ते ३१ ऑगस्ट २०२४ या कालावधीतील नमुना ५ ची पाने, त्यातील सादिल शीर्षाखालील प्रमाणके (नमुना १२) जोडबिलांसह, व नमुना १५ मधील त्याच कालावधीच्या नोंदी यांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात. प्रती देण्यापूर्वी अभिलेख पाहण्याची संधी मिळावी.’

शेवटचं वाक्य सोडू नका. पाहणीचा पहिला तास मोफत असतो. त्या तासात नेमकी पानं ठरवली की दोन रुपये पानाने वीस-तीस पानांत काम होतं. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. दोन्ही अपिलांना २० रुपयांचं तिकीट. इथे लोक चुकतात ते तारखेत. अर्जाच्या पोचेवरच अपिलाची शेवटची तारीख लिहून ठेवा.

कागद मिळाला आणि खोट निघाली तर क्रम असा: आधी पंचायतीला लेखी, मग गटविकास अधिकाऱ्यांना, मग जिल्हा परिषदेच्या ग्रामपंचायत विभागाला, म्हणजे तुमच्या जिल्ह्याप्रमाणे अलिबाग, रत्नागिरी किंवा ओरोसला. तक्रारीत विशेषणं नकोत. प्रमाणक क्रमांक, तारीख, रक्कम आणि कुठली नोंद जुळत नाही एवढंच. एका तक्रारीत एकच बिल. सोबत स्थानिक निधी लेखापरीक्षेच्या अहवालातला आक्षेप त्याच बिलावर असेल तर तो जोडा. आक्षेपांची पूर्तता झाली का, ते नमुना २७ आणि ३० मध्ये दिसतं.

कर्तव्यात कसूर किंवा गैरवर्तन असेल तर कलम ३९ खाली मुख्य कार्यकारी अधिकारी चौकशी करतात आणि निर्णय विभागीय आयुक्तांचा, म्हणजे आपल्यासाठी बेलापूरच्या कोकण भवनाचा. सरपंच किंवा सदस्याचा पंचायतीच्या ठेक्यात स्वतःचा किंवा भागीदाराचा हितसंबंध असेल तर तो कलम १४ चा, अपात्रतेचा विषय. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. ग्रामसभाच बोलावली नाही, तर तेही जिल्हाधिकाऱ्यांकडे. या तिन्ही तक्रारी एकाच अर्जात घातल्या की तो अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहतो आणि वर्ष जातं. तीन वेगळे अर्ज करा, तिन्हींच्या पोच एका फाइलमध्ये लावा, आणि ती फाइल पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत, भिंतीपासून लांब ठेवा.